शेन्झेनमध्ये नोकरी आणि कीटकांचे मॅक्रो फोटो: काय न्यावं, कुठे आणि कधी जावं?

चतुर_नाशिक

मार्चपासून दोन वर्षांसाठी शेन्झेनला बदली आहे. ऑफिस आणि राहणं दोन्ही बाओआन भागात. आठवडाभर संध्याकाळी सात वाजतात, शनिवार-रविवार बहुतेक मोकळा. कॅमेरा सोनी ए६४००, लेन्स ९० मिमी मॅक्रो आणि गोडॉक्सचा टीटी३५० फ्लॅश. फ्लॅश नावालाच आहे. आजवरची पद्धत म्हणजे थंडीत पहाटे ट्रायपॉड लावायचा आणि दवात भिजलेले चतुर (ड्रॅगनफ्लाय), टाचण्या (डॅमसेल्फ्लाय) टिपायच्या.

तिथे मेट्रोने गाठता येतील अशा जागा कोणत्या, वर्षातले कोणते महिने चांगले? डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा), पॉवर बँक वगैरे इथून न्यावं की तिथेच घ्यावं? दमट हवेत लेन्सला बुरशी लागते म्हणतात, त्याचं काय करायचं? आणि रोजचं जगणं: पैसे कसे द्यायचे, शाकाहारी माणसाने (अंडं चालतं) जेवायचं कुठे? ट्रायपॉड न्यायचा की वजन वाचवायचं, हेही सांगा.

टाचणी

ट्रायपॉड घरीच ठेवा आणि पहाटेची सवयही. नाशिकला जानेवारीत पारा दहाच्या आसपास असतो म्हणून कीटक गारठून बसलेले असतात. शेन्झेनला मे ते सप्टेंबर रात्रीही पारा पंचविशीच्या आसपासच असतो. सकाळी सहालाच सगळे पूर्ण जोशात असतात, जवळ गेलात की उडाले. तिथे दिवस संपल्यावर, आठ ते साडेदहाच्या दरम्यान निघायचं. दिवसा उडणारे कीटक तेव्हा झोपलेले असतात: फुलपाखरं पानाखाली, टाचण्या गवताच्या टोकाला. निळ्या पट्ट्यांच्या अमेगिला माश्या तर जबड्यात सुकी काडी पकडून, पाय पोटाशी घेऊन एकाच काडीवर ओळीने झोपतात. त्यांना पाहायचं असेल तर वाटेकडेच्या वाळक्या, लोंबत्या काड्या बघायच्या, हिरवी पानं नाही. ऑफिस सातला सुटतं हे तुमच्या पथ्यावरच पडेल.

जागा. बाओआनहून सगळ्यात सोयीचा यांगताई शान (शान म्हणजे डोंगर). पाच नंबरच्या मेट्रोवर तांगलांग स्टेशन आहे, तिथून तांगलांग शान. दोन नंबरच्या लाइनवर शियानहू रोडला उतरलं की शियानहू वनस्पती उद्यान, त्याच्या मागे वूतोंग शान (९४३.७ मीटर, शहरातला सगळ्यात उंच डोंगर). माथा गाठायची गरज नाही. पायथ्याचे ओढे, वाटेच्या कडेचं रान आणि जुन्या लिचीच्या बागा यांतच सगळं सापडतं. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास संपते, तेव्हा साडेदहाला स्टेशनची वाट धरा.

महिने: एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत सर्वोत्तम. जुलै ते सप्टेंबर कीटक भरपूर, पण वादळं येतात. वादळाचा इशारा लागला की डोंगरवाटा बंद होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरडा आणि सुखाचा. डिसेंबर ते फेब्रुवारी कीटक कमी, तेव्हा मात्र तुमची पहाटेची पद्धत चालेल.

आणि लिची किंवा लोंगानचं झाड दिसलं की खोड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पायरॉप्स कँडेलारिया नावाचा मोठा तुडतुडा तिथे रस पीत बसलेला असतो. वर वळलेली लांब तांबडी सोंड, तिच्यावर पांढरे ठिपके, हिरव्या पंखांवर पिवळे डाग. पंख उघडले की खालचे पंख पिवळेधमक, कडा काळ्या. साधारण एक ते तीन मीटर उंचीवर सापडतो. समोरून गेलात तर खोडाला वळसा घालून पाठीमागे सरकतो, आणखी डिवचलं तर टुणकन उडी मारून गायब. खोडाच्या बाजूने, सावली न पाडता, थांबत थांबत पुढे सरकायचं. एकजण पलीकडून हात दाखवत उभा राहिला तर तुडतुडा आपोआप कॅमेऱ्याच्या बाजूला येतो. प्रौढ कीटक झाडावरच हिवाळा काढतात, साधारण मेमध्ये अंडी घालतात आणि नवे प्रौढ सप्टेंबरच्या आसपास दिसतात. म्हणजे मार्चमध्ये पोचल्यापोचल्या शोध सुरू करायला हरकत नाही.

भिंगवाला

जागा टाचणींनी सांगितल्या, मी उजेडाचं सांगतो. रात्री सगळा फोटो फ्लॅशवर असतो, म्हणून फ्लॅश "नावाला" ठेवून चालणार नाही. टीटी३५० पुरेसा आहे. दोन एए सेल लागतात. चांगले रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे आठ सेल न्या. वेगळा मोठा फ्लॅश घेऊ नका, हातात जड होतो. रिंग फ्लॅश तर नकोच. भुंगेऱ्याच्या पाठीवर गोल कडं उमटतं आणि सपाट उजेडात अंगावरचे खळगे-उंचवटे मरतात.

डिफ्यूजर तिथे जाऊन करा, सामान कोणत्याही स्टेशनरी दुकानात मिळतं. दुधी रंगाची पातळ प्लॅस्टिक शीट, ०.३ ते ०.५ मिमी जाडीची, ए४ आकाराची एक. दुसरं, मोबाइल-टीव्हीच्या पॅकिंगमध्ये येतो तो १ मिमीचा पांढरा फोम. फ्लॅशचं तोंड सगळ्यात रुंद कोनावर ठेवा, त्याच्यापुढे दोन-तीन सेंटिमीटरवर फोमचा एक थर, मग प्लॅस्टिक शीट कमानीसारखी वाकवून लेन्सच्या पुढच्या कडेच्याही थोडी पुढे आणा. वेल्क्रो पट्टीने बांधा. लेन्सचं हूड काढून टाका, नाहीतर खालच्या अर्ध्या भागावर त्याची सावली पडते.

नीट झालाय की नाही ते घरीच तपासायचं. स्टीलच्या चमच्याची पाठ समोर धरून फोटो काढा. चमच्यात डिफ्यूजरचं प्रतिबिंब दिसेल. मध्ये पांढराशुभ्र ठिपका आणि कडा करड्या असतील तर फोमचा आणखी एक थर लावा. सगळीकडे सारखा पांढरा दिसला की झालं. चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर हेच प्रतिबिंब उमटणार असतं, त्यामुळे ही परीक्षा चुकवू नका. दोन थरांत उजेड दीड-दोन स्टॉप घटतो, चालतं.

सेटिंग: मॅन्युअल, शटर १/१६० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ११, आयएसओ २००, फ्लॅशही मॅन्युअलवर १/१६ पासून सुरू. ए६४०० ची फ्लॅशसोबतची मर्यादा १/१६० आहे. हाय-स्पीड सिंकच्या नादी लागू नका, ताकद फुकट जाते. फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की हात हलला तरी फोटो हलत नाही. ट्रायपॉड म्हणूनच नको. स्क्रीन काळीकुट्ट दिसली तर मेनूत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये सेटिंग इफेक्ट ऑफ करा.

फोकस मॅन्युअल. हवं ते प्रमाण रिंगवर लावून ठेवायचं आणि शरीर पुढे-मागे झुलवून डोळ्यावर फोकस आला की बटण दाबायचं. डाव्या हाताच्या चिमटीत काडी धरा आणि त्याच मनगटावर लेन्स टेकवा. कीटक आणि लेन्स एकत्र हलतात, अर्धी अडचण तिथेच मिटते. फक्त काडी धरण्याआधी तिच्यावर दुसरं कोण बसलंय ते बघा.

टाचणी

भिंगवाला, एफ ११ ला माझा विरोध. ए६४०० चा सेन्सर लहान आहे. एकास एक प्रमाणात (कीटक सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा) लेन्सवर लिहिलेला आकडा ढोबळमानाने दुप्पट धरायचा (आकडा गुणिले एक अधिक प्रमाण). एफ ११ म्हणजे प्रत्यक्षात एफ २२, तिथे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) डोळ्यांचे षट्कोन पुसट होतात. एफ ८ वर थांबा. रेनॉक्स २५० चं भिंग लावून दीडपटीच्या पुढे गेलात तर एफ ५.६ ते ६.३. फोकसची खोली कमी पडली तर पाच-सहा फोटो घेऊन नंतर जोडा. ते भिंग तुमच्या लेन्सच्या ६२ मिमी तोंडावर चिमट्याने बसतं.

काळी पार्श्वभूमी नको असेल तर आयएसओ वाढवण्यापेक्षा कीटकामागे पाच-दहा सेंटिमीटरवर एखादं पान येईल असा कोन शोधा. फ्लॅश तिथपर्यंत पोचतो.

भिंगवाला

जोडायचं असेल तर एफ ८ मान्य. पण चालत्या मुंगीचे सहा फोटो कोण जोडणार? तिथे मी एफ ११ च लावेन, किंचित मऊ फोटो परवडला.

चतुर_नाशिक

दोघांचेही आभार, एफ ८ पासून सुरुवात करतो. रात्री रानात हात घालायचा म्हणजे काय काय चावतं तेही सांगा. डासांसाठी नेहमीचं क्रीम पुरेल का?

रानवाट

क्रीमचा डबा उलटा करून घटक वाचा. डीट असलेलं क्रीम त्वचेला चांगलं, पण प्लॅस्टिक आणि रबर विरघळवतं. हाताला लावून कॅमेरा धरला की ग्रिप चिकट होते, लेन्सवरची अक्षरं पुसतात. इकॅरिडिन (२० टक्के) घेतलंत तर हा त्रास नाही. डास हलक्यात घेऊ नका. २०२५ च्या उन्हाळ्यात शेन्झेनच्याच ग्वांगदोंग प्रांतात, फोशानला चिकनगुन्याची मोठी साथ आली होती, डेंग्यूही तिथे नवा नाही. एडिस डास संध्याकाळी उजेड असतानाच चावायला लागतो, म्हणून पूर्ण बाह्या आणि पँट मोज्यात खोचणं हे अंधार पडायच्या आधीपासून.

गुडघे टेकायच्या आधी जमीन बघा. तांबड्या आगमुंग्या मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या, चीनच्या मुख्य भूमीवर २००४ मध्ये ग्वांगदोंगमध्येच पहिल्यांदा सापडल्या आणि आता बागांच्या हिरवळीत सर्रास आहेत. भुसभुशीत मातीचा घुमटासारखा ढीग, वर भोक दिसत नाही. पाय पडला की क्षणात डझनावारी वर चढतात. दंशावर दिवसभरात पांढऱ्या पुटकुळ्या येतात, त्या फोडायच्या नाहीत. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर १२० ला फोन करून सरळ दवाखाना.

हिरवा चापडा हा विषारी साप तिथे रात्री गुडघ्यापासून खांद्याच्या उंचीपर्यंत फांद्यांवर बसतो, पांढऱ्या ओठांची जात. काडी धरण्याआधी बॅटरीने पानाची दोन्ही अंगं बघायची, ही सवय लावूनच घ्या. २०२२ मध्ये बीड-नगरकडे घोणस अळीची चर्चा झाली होती, त्याच कुळातल्या काटेरी हिरव्या अळ्या तिथे पुष्कळ. पान उलटायचं ते काडीने.

लिचीवरचा मोठा तपकिरी ढेकण्या, टेस्साराटोमा, बघायला साधा पण त्याची पिल्लं तांबडी-करडी, फारच देखणी. त्याला छेडलं की दाहक द्रव फवारतो. कातडीवर तपकिरी डाग पडतो, डोळ्यात गेलं तर गंभीर. चष्मा लावा, झाडाखाली उभं राहून तोंड वर करू नका. सप्टेंबरपासून गांधीलमाश्यांची पोळी मोठी झालेली असतात. २०१३ मध्ये शाआन्शी प्रांतात त्यांच्या हल्ल्यांत चाळीसच्या वर माणसं गेली होती. एखादी माशी तोंडासमोर घिरट्या घालू लागली तर तीच वाट परत धरा, हात हलवू नका.

बाओआनकर

आता घरगुती बाजू. व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपे या पैसे द्यायच्या ॲपला जोडता येतं, हे भारतातूनच करून, परदेशी व्यवहार चालू करून या. २०० युआनच्या आतल्या खरेदीवर जादा आकार नाही, वरच्या रकमेवर ३ टक्के लागतो. तिथलं बँक खातं उघडलं की तेच जोडा, हा प्रश्न संपतो. मेट्रोचा क्यूआर, भाड्याची सायकल, टॅक्सी सगळं त्याच ॲपमधून. गुगल मॅप विसरा, आमॅप वापरा.

भाड्याच्या घरात राहायला गेल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची, घर बदललं की पुन्हा. कामाच्या व्हिसावर आल्यावर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. त्यात काही दिवस पासपोर्ट कार्यालयात अडकू शकतो आणि रेल्वेचं तिकीट पासपोर्टवर असतं. तेवढ्या आठवड्यात बाहेरगावचा बेत नको.

भारतातून पॉवर बँक आणू नका. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी खूण (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) नसलेली पॉवर बँक नेऊच देत नाहीत. शेन्झेनलाच घ्या, २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॅट-तास, विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसते. मेट्रोत प्रत्येक वेळी बॅग एक्स-रेतून जाते. चाकू, दाबाखालचे हवेचे डबे अडवतात, तेव्हा धूळ उडवायला रबरी फुंकणीच ठेवा. सॉकेट आपल्या तीन गोल पिनांचं नाही, तिथलाच एक्स्टेंशन बोर्ड घ्या.

ताओबाओ या ऑनलाइन खरेदीच्या ॲपवर चिनी येत नसेल तर वस्तूचा फोटो टाकून शोधता येतं. वापरलेल्या लेन्ससाठी शियानयू हे ॲप. तारा, एलईडी, सेल यांसाठी ह्वाचियांगबेईचा बाजार.

जेवण. "भाजी" म्हणून आलेल्या ताटलीत ऑयस्टर सॉस, चिकन पावडर किंवा डुकराची चरबी असू शकते. मांस नको एवढं सांगून भागत नाही, ही तीन नावं चिनीत लिहून फोनवर ठेवा आणि दाखवा. शियानहू उद्यानातच होंगफा मंदिर आहे, तिथलं जेवण शुद्ध शाकाहारी, कांदा-लसणाशिवायचं, चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालेल. शनिवारी दुपारी तिथे जेवून संध्याकाळी ओढ्याकडे वळलात की दिवस सार्थकी. घरून गोडा मसाला आणि हिंग आणा. तूप, लोणी, ताजी फळं-भाज्या, पेरायच्या बिया आणू नका, कस्टम्स काढून घेतं. परत जाताना मेलेला भुंगेराही बॅगेत नको.

सुट्ट्यांचा हिशेब आधी समजून घ्या. १ ते ७ ऑक्टोबरच्या आठवड्यात डोंगरांवर मुंगी शिरायला जागा नसते, आणि त्या सुट्टीच्या बदल्यात आगेमागे एखादा शनिवार-रविवार कामाचा असतो. बेत ठरवण्याआधी ऑफिसचं कॅलेंडर बघा.

भिंगवाला

बुरशीचं राहिलं. मार्चमध्ये पोचताय म्हणजे नेमके दमट वाऱ्याच्या दिवसांत. समुद्रावरून गरम ओली हवा येते, थंड भिंतींना आणि फरशीला अक्षरशः घाम फुटतो. तेव्हा खिडक्या बंद ठेवायच्या, एसी ड्राय मोडवर. पहिल्याच आठवड्यात ३० लिटरच्या आसपासची विजेची ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर लावा. तीसच्या खाली नको, रबर आणि ग्रीस सुकतं. तोवर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. लेन्स कापडी बॅगेत ठेवून कपाटात टाकणं ही बुरशीला दिलेली मेजवानी.

एसीतून थेट बाहेर काढलेली लेन्स लगेच धुकटते. निघण्याआधी अर्धा तास बंद बॅग गॅलरीत ठेवा. पुसत बसू नका, पुन्हा धुकं येतं.

रानवाट

दोन सावधगिरी. आमॅपवरून घेतलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ) टाकू नका. चिनी नकाशांची मोजणी मुद्दाम सरकवलेली असते, तुमची नोंद काहीशे मीटर बाजूला, कधी समुद्रातसुद्धा पडते. फोनच्या कॅमेऱ्याने त्याच जागी एक फोटो घ्या, त्यातली जीपीएस नोंद बरोबर असते. ओळख पटवायला हाँगकाँगची इंग्रजी संकेतस्थळं उपयोगी पडतात, कीटक जवळपास तेच. मात्र जीपीएस यंत्र घेऊन वाटा मोजत फिरू नका. परदेशी माणसाने परवानगीशिवाय केलेलं सर्वेक्षण तिथे कायद्यात बसत नाही. संरक्षित क्षेत्राच्या गाभ्यातही परवान्याशिवाय शिरायचं नाही.

चतुर_नाशिक

पतंगांसाठी पांढरा पडदा आणि दिवा लावता येईल का तिथे?

टाचणी

शहरातल्या बागांत नाही. दापेंग द्वीपकल्पावर, छीन्यांग शानच्या पायथ्याला घरगुती लॉज आहेत, मालकाला विचारून गच्चीवर लावता येतो. १२ व्होल्टची १० वॅटची एलईडी अतिनील पट्टी घ्या, ३६५ नॅनोमीटरची. ३९५ ची स्वस्त मिळते, पण ती नुसती जांभळी दिसते, पतंग कमी येतात. पॉवर बँकेतून १२ व्होल्ट काढायला पीडी ट्रिगर नावाची छोटी पट्टी लागते, ह्वाचियांगबेईत मिळते. ७४ वॅट-तासांवर सुमारे सहा तास चालतं. अमावस्येच्या आसपास, वारा पडलेला, पावसानंतरची उकाड्याची रात्र निवडा. दिव्याकडे टक लावून बघू नका, अतिनील किरण अडवणारा चष्मा लावा.

पांढऱ्या पडद्यावर सरळ फ्लॅश मारला तर पतंग करपट दिसतो आणि कापडाची वीण उमटते. पडदा बांधताना शेजारी दोन-तीन जुन्या सालीचे तुकडे टेकवून ठेवा, बरेच पतंग तिथे सरकतात. फोटो त्यांवर घ्या. ॲटलस पतंग आला तर ९० मिमीने जवळ जाऊच नका. पंखांचा विस्तार २५ सेंमीपर्यंत असतो, तो पूर्ण मावायला मीटरभर तरी मागे यावं लागतं आणि तिथून डिफ्यूजरचा उजेड कडक पडतो. त्याच्यासाठी किट लेन्स पिशवीत असू द्या.

मानेवर काही आलं तर चापट मारू नका, फुंकून उडवा. दिव्याला पेडेरस नावाचे बारीक काळे-केशरी भुंगेरे येतात. चिरडले की त्यांच्या रसाने कातडीवर भाजल्यासारखे चट्टे उठतात. आणि दिवा पहाटेच्या आधी बंद करून पडदा हळू झाडा, नाहीतर उजाडताच बुलबुल येऊन सगळे पतंग टिपून नेतात.